पोट कुत्र्याचे, प्रश्न साऱ्या गल्लीचा

मागच्या महिन्यात वस्तीतल्या महिलांच्या आरोग्य बैठकीत सर्वांचे बीपी मोजून झाल्यावर एका भगिनीने हळूच विचारले, “ताई, आमच्या मोत्याचं पोट तीन आठवडे झाले बिघडलंय. दुकानदारानं साडेसहाशेचं पाकीट दिलं, तरी जुलाब थांबेनात. आता अजून कोणतं घेऊ?” बैठकीत हशा पिकला. “इथं माणसाला औषध मिळेना, आणि हिला कुत्र्याची पडलीय,” असेही कुणीतरी बोलले.

आम्हाला हसू आले नाही. त्या भगिनीचा नातू दहा महिन्यांचा आहे. तो त्याच ओट्यावर रांगतो, जिथे मोत्या बसतो. त्या घरात कुत्र्याचे पोट तीन आठवडे बिघडलेले असणे ही चेष्टेची गोष्ट नाही.

बैठक संपल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो आणि मोत्याचा दिवसभराचा आहार विचारला. सकाळी चहात बुडवलेली बिस्किटे. दुपारी दुकानातल्या पाकिटातले दाणे. संध्याकाळी मुलांच्या हातातले चिप्स. रात्री रश्शात कुस्करलेली चपाती आणि रविवारी कोंबडीची हाडे. पाकीट नवे आले होते, पण जुने काहीच थांबले नव्हते!

म्हणून या वेळी आम्ही आमचे मत स्पष्ट मांडतो. नाजूक पोटाच्या कुत्र्यासाठी योग्य अन्न शोधायचे असेल तर पहिला प्रश्न “काय विकत घेऊ?” हा नसतो, “काय बंद करू?” हा असतो. आम्ही परिचारिका आहोत, पशुवैद्य नाही. औषध आणि निदान हे पशुवैद्यांचे काम. पण आजाऱ्याच्या आहाराची नोंद ठेवणे, धोक्याची चिन्हे ओळखणे आणि घरातल्या लहान मुलांना जपणे हे काम आम्ही आयुष्यभर केले आहे. त्याच बळावर हे लिहीत आहोत.

उष्टे म्हणजे जेवण नव्हे

आपल्याकडे कुत्रा पाळणे म्हणजे उरलेले त्याच्यापुढे टाकणे, असा समज आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडून देण्यास सांगितले. इतरांचे टाकलेले खाण्यात काय असते, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे. म्हणून आपल्या दारच्या मुक्या जिवापुढे विटलेले, आंबलेले ढकलताना आपला तरी हात थोडा थांबावा, असे आम्हाला वाटते. घरात शिजलेल्यातलेच, पण त्याच्यासाठी वेगळे काढलेले ताजे अन्न, एवढीच अपेक्षा आहे. त्याला वेगळा खर्च लागत नाही. फोडणी देण्याआधी चार घास बाजूला काढावे लागतात, इतकेच.

आता काय बंद करायचे ते पाहू.

पहिले, दूध. पिल्लू आईचे दूध पचवते, पण वाढत्या वयात दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य बहुतेक कुत्र्यांत कमी होते. मग दुधाने पोट फुगते, वायू होतो, जुलाब होतात. “कुत्रा आजारी आहे, दूध-भाकर द्या” हा प्रेमाचा उपाय त्या पोटाला उलटा पडतो. साधे घट्ट दही थोडे दिले तर काहींना चालते, पण तेही पोट बरे असताना.

दुसरे, बिस्किटे. मैदा, साखर आणि तेल याखेरीज त्यात फारसे काही नाही. पाच रुपयांचे दोन पुडे रोज धरले तरी महिन्याचे तीनशे रुपये होतात. तेवढ्यात कितीतरी अंडी येतील! चहा तर नकोच. चहातले उत्तेजक द्रव्य कुत्र्याच्या हृदयाला सोसत नाही.

तिसरे, रस्सा. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात. एका घासाने लगेच दिसत नाही, पण रोजच्या मसाल्यातून साचत जाते. वरच्या तेलाचा तवंग आणि मटणाची चरबी यांनी काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. मग उलट्या, पोटदुखी आणि दवाखाना.

चौथे, शिजलेली हाडे. शिजवलेले हाड ठिसूळ होते आणि त्याचे अणकुचीदार तुकडे होतात. ते घशात, आतड्यात रुततात. “कुत्र्याला हाड नाही तर काय?” असे विचारणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे, की आतडे फाटले तर शस्त्रक्रियेशिवाय मार्ग नसतो.

पाचवे, गोडधोड. चॉकलेट विषारी आहे. द्राक्षे आणि मनुके यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. बुद्ध पौर्णिमेची खीर मुले प्रेमाने कुत्र्याच्या वाटीत ओततात. त्यात दूध आहे, साखर आहे आणि मनुकेही आहेत. त्या दिवशी त्याच्यासाठी साधा मऊ भात वेगळा काढावा. जयंतीच्या भोजनानंतरही हाच नियम. एप्रिलच्या उन्हात पत्रावळीवरचे अन्न काही तासांत आंबते. सकाळी त्या ढिगाऱ्यावर सोडलेले कुत्रे रात्री गल्लीभर जुलाब करते.

दोन-तीन दिवसांचे पथ्य

कुत्रा चालता-फिरता आहे, पाणी पितो आहे, फक्त शी पातळ आहे, अशा मोठ्या कुत्र्याला घरी पथ्य देता येते. बिनहाडाची, कातडी आणि चरबी काढलेली कोंबडी नुसत्या पाण्यात उकडावी. तेल, मीठ, हळद, काहीच नको. भात मऊ, जरा जास्त पाण्यात शिजवावा. एक वाटी कोंबडीला दोन वाट्या भात. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसभरात असे शिजलेले सुमारे तीनशे ग्रॅम पुरते. एकदम न देता चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. कोंबडी परवडत नसेल तर उकडलेले अंडे आणि भात. उकडून कुस्करलेला लाल भोपळा चमचा-दोन चमचे मिसळला तर शी बांधून यायला मदत होते. पाणी नेहमी समोर असावे, भांडे रोज घासलेले असावे.

शी बांधून आली की लगेच पूर्वीचे अन्न सुरू करू नये. सात ते दहा दिवस घ्यावेत. पहिले दोन-तीन दिवस तीन भाग पथ्याचे, एक भाग नेहमीच्या अन्नाचा. मग अर्धे-अर्धे. मग एक भाग पथ्याचा, तीन भाग नेहमीच्या अन्नाचे. कोणतेही नवे अन्न सुरू करताना हाच क्रम. मोत्याच्या घरी पाकीट उघडले त्याच दिवशी वाटी भरून दिली होती. चांगल्यातले चांगले अन्नही असे एकाएकी दिले तर जुलाब होतात, आणि दोष मात्र अन्नाला लागतो.

एक वही करावी. तारीख, काय खाल्ले, किती वाजता, शी कशी झाली, उलटी झाली का. रुग्णालयात आम्ही खाटेच्या पायथ्याशी असाच कागद लावत असू. शाळेत जाणाऱ्या मुलीकडे हे काम द्यावे, ती ते मनापासून करते. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले, हे कळत नाही.

रोजचे अन्न: घरचे की पाकिटातले?

येथे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, पाकिटाशिवाय कुत्रा जगतच नाही. दुसरे म्हणते, पाकीट म्हणजे निव्वळ लूट, घरचे तेच नैसर्गिक. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत.

कुत्रा हा हजारो वर्षे माणसाच्या चुलीपाशी राहिलेला प्राणी आहे. २०१३ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. म्हणजे भात आणि भाकरी त्याला पचते. पण नुसत्या भात-भाकरीवर त्याचे भागत नाही. त्याला प्रथिने हवीत: अंडे, कोंबडी, काटे काढलेली मासळी. सुकी खारवलेली मासळी मात्र नको, तिच्यात मीठ फार. उलट बाजूने, नुसते मांस दिले तर हाडांना लागणारा चुना मिळत नाही आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात. म्हणून कोंबडी-भाताचे पथ्य दोन-चार दिवसांसाठी योग्य, पण महिनोन्महिने घरचेच द्यायचे असेल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे किती द्यायची, हे पशुवैद्यांना एकदा विचारून घ्यावेच.

पाकीट परवडत असेल तर ते वाईट नाही. पण पुढच्या बाजूचे चित्र पाहू नये, मागची यादी वाचावी. साहित्याच्या यादीत जे वजनाने जास्त ते आधी लिहिलेले असते. पहिल्या जागी मांस किंवा मासळीचे नाव आहे की नुसते धान्य, ते पाहावे. नाजूक पोटाला मांसाचा एकच प्रकार असलेले, कमी चरबीचे अन्न सोसते. वय पाहावे. पिल्लाचे वेगळे, मोठ्याचे वेगळे. मुदत पाहावी. गोणीतून सुटे विकले जाणारे दाणे स्वस्त पडतात, पण गोणी कधी उघडली ते कळत नाही. पावसाळ्यात त्याला ओल लागते, बुरशी येते, चरबी खवट होते. पैसे वाचले आणि पोट गेले, असा तो व्यवहार. मोठी गोणी घेण्यापेक्षा लहान बंद पाकीट घ्यावे, उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

काही कुत्र्यांना ठरावीक प्रथिनेच सोसत नाहीत. गोमांस, दूध, कोंबडी, गहू यांचा त्रास त्यातल्या त्यात जास्त आढळतो. तसा संशय असेल तर पूर्वी कधी न दिलेले एकच प्रथिन आणि एकच धान्य, समजा मासळी आणि भात, असे दोन ते चार आठवडे द्यावे. या काळात बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. घरातल्या एका माणसाने चोरून दिलेला घास सगळी मेहनत वाया घालवतो. आमच्या पाहण्यात हा चोरटा घास बहुतेक वेळा आजोबांच्या हातचा असतो. त्यांना आधी विश्वासात घ्यावे!

प्रत्येक जुलाब अन्नाचा नसतो

हे वाक्य घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, घाण वासाचे जुलाब सुरू झाले, ते मलूल पडले, तर तो पार्व्हो असण्याचा मोठा धोका आहे. तेथे भात-कोंबडीचा प्रयोग करत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एका दिवसाच्या उशिराने पिल्लू जाते. याची लस सहा-आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. एक टोचून थांबणे पुरेसे नाही. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. त्यामुळे तशा घरात लगेच दुसरे, लस न झालेले पिल्लू आणू नये.

मोठ्या कुत्र्यालाही पुढील चिन्हे दिसली तर थांबू नये: शीमध्ये रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, वारंवार उलट्या, पोट ताठ फुगलेले, हिरड्या पांढऱ्या किंवा कोरड्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तरी उभीच राहणे, पाणीही न पिणे, किंवा दोन दिवसांत उतार न पडणे.

आणखी एक. कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदललाय, तर “घशात हाड अडकले असेल” म्हणून तोंडात हात घालू नये. पिसाळलेले कुत्रेही असेच दिसते. त्याला दूर ठेवून पशुवैद्यांना कळवावे. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब सरकारी रुग्णालयात लस घ्यावी.

आणि कळकळीची विनंती: आपल्या डब्यातली गोळी कुत्र्याला देऊ नका. अंगदुखीची, तापाची जी गोळी आपण सहज घेतो, ती कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला, जठराला घातक ठरते. डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन तर मुळीच नको. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने नको.

नातवाचा प्रश्न

आता “कुत्र्याचे कसले चोचले” म्हणणाऱ्यांना उत्तर. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. मातीत काही आठवडे राहिली की ती लागण करू शकतात. रांगणारे मूल ती माती तोंडात घालते. मग ते जंत मुलाच्या यकृतात, कधी डोळ्यात पोहोचतात. आकडीजंताची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली तर अंड्यांना पिकायला वेळच मिळत नाही. पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून, आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी, पशुवैद्यांच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे जंताचे औषध द्यावे. मोत्याची विष्ठा झाकणाच्या डबीत तपासायला नेली तेव्हा तिच्यात जंतच निघाले. म्हणजे बिस्किटे आणि रस्सा थांबवणे जरुरीचे होते, पण तेवढ्याने भागले नसते.

दुसरी गोष्ट मटणाच्या दुकानाची. शेळ्या-मेंढ्यांची कच्ची फुप्फुसे आणि काळीज कुत्र्यांपुढे फेकण्याची रीत सर्वत्र आहे. या अवयवांत पाण्याने भरलेल्या गाठी असतील तर त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून आपल्या हाताला, भाजीला लागतात, आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी वर्षानुवर्षे वाढत राहतात. त्याला हायडॅटिड म्हणतात. कधी कधी ती गाठ शस्त्रक्रिया करूनच काढावी लागते. म्हणून कच्ची वजडी, फुप्फुसे, काळीज कुत्र्याला कधीच नको. द्यायचेच तर चांगले उकळून द्यावे. दुकानदार भावांना हे वस्तीने एकत्र जाऊन सांगितले पाहिजे. एकट्या बाईचे कुणी ऐकत नाही.

वस्तीने काय करावे

गल्लीतल्या कुत्र्यांनाही कुणी ना कुणी घालतेच. ते बंद होणार नाही, व्हावे असेही आम्ही म्हणत नाही. पण जागा आणि वेळ ठरवावी. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्येही अशी जागा मुलांच्या खेळाच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि प्रवेशद्वारापासून दूर असावी असे म्हटले आहे. खाणे झाले की भांडी उचलावीत, जागा धुवावी. हाडे आणि खरकटे उघड्यावर न टाकता झाकणाच्या डब्यात जावे. वर्षातून एकदा महिला मंडळाने पुढाकार घेऊन सगळ्या पाळीव कुत्र्यांच्या रेबीज लसीची आणि जंताच्या औषधाची तारीख एकत्र ठरवावी.

खर्चाची भीती खरी आहे. खासगी दवाखान्याचे बिल पाहून पुष्कळजण परत फिरतात. पण सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने फक्त गाई-म्हशींसाठी आहेत असा गैरसमज नको, तेथे चौकशी करावी. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत जनावरांवर उपचार होतात. जाताना ती वही आणि विष्ठेची डबी बरोबर न्यावी. चांगल्या नोंदीमुळे नको त्या तपासण्या वाचतात, हे आम्ही माणसांच्या दवाखान्यात शेकडो वेळा पाहिले आहे.

मोत्या आता बरा आहे. सकाळी अंडे आणि भात, रात्री ज्वारीची भाकरी आणि फोडणीआधी काढलेले कोंबडीचे चार तुकडे, शिवाय पशुवैद्यांनी लिहून दिलेली कॅल्शियमची भुकटी. साडेसहाशेच्या पाकिटातले उरलेले दाणे हळूहळू मिसळत संपवले. बिस्किटे बंद झाल्यामुळे महिन्याचे तीनशे रुपये सुटले, त्यातून जंताचे औषध आले. ज्यांनी त्या दिवशी हसण्यावारी नेले, त्यांच्यापैकी दोघी परवा आमच्याकडे वही कशी आखायची ते विचारायला आल्या. दोघींच्याही दारात कुत्रा आहे, आणि घरात लहान मूल.